वीतभर

ओस्त्रावात, सातव्या मजल्यावर,
लिफ्ट बंद असली तर दोनदा दम खाऊन गाठावं लागतं अशा घरात
ओत्मारची काचेची पेटी. दोनशे चाळीस लिटर.
तीस वर्षं त्यानं जमिनीखाली कोळसा काढला,
आता दिवसाचे नऊ तास दिवा लावून
पाण्याखाली पानं वाढवतो.
विजेचं बिल आलं की व्लास्ता ते पेटीच्या काचेवर डकवते,
मासे तरी वाचतील म्हणून.

त्याचे नियम पक्के.
जावा फर्न वाळूत गाडायचं नाही, गड्डा कुजतो;
काळ्या दोऱ्यानं लाकडाला बांधायचं आणि विसरायचं.
त्याच्याच सावलीत अनुबियास,
उजेडात बसवलं तर पानांवर शेवाळ चढतं,
म्हातारपणाआधीच म्हातारं दिसतं.
दोघं सावकाश जेवणारे,
एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.
मागे भिंतीला धरून व्हॅलिस्नेरिया,
इथल्या जड पाण्यावर पोसलेली, उंच, लांबसडक,
वाळूखालून धुमारे सोडत
शेजाऱ्याचं अंगण आपलंच समजणारी.
दर रविवारी तो तिला कात्री दाखवतो.

आणि क्रिप्टोकोरिन?
नाव काढू नका.
तिचं आणि हिचं पटत नाही, एक राहते, एक जाते,
त्याच्या वडलांनी सांगितलेलं.
वडलांना कोणी सांगितलं, ते ठाऊक नाही.
त्याला आपले आकडे येत असते
तर बोटानं काचेच्या वाफेवर काढून दाखवलं असतं:
३ आणि ६, पाठीला पाठ.

खाली दिएपचं दुकान. दूध, सिगारेटी, छत्र्या.
गिऱ्हाइकं तिला डानिएला म्हणतात, जिभेला सोपं पडतं.
दिएप म्हणजे पान,
हे तिनं एकदाच सांगितलं, सुट्टे मोजता मोजता.
ऑक्टोबरात ती गावाहून परतली
आणि ओल्या वर्तमानपत्रातली एक जुडी
पावाशेजारी ठेवली.
मावशीच्या घरामागच्या ओढ्यातली.
तपकिरी पानं, पाठ जांभळट.
ओत्मारनं ओळखलं. क्रिप्टोकोरिन.
नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि
किती झाले, एवढंच विचारलं.
ती हसली. पावाचे तेवढे द्या.

जुन्या छपराची एक स्लेट त्यानं वाळूत उभी रुतवली,
कुंपणासारखी,
अलीकडे ती, पलीकडे ही, मध्ये वीतभर जागा.
मुळाशी खताची गोळी.
आठव्या दिवशी पानांना भोकं,
अकराव्या दिवशी नुसता चिखल.
व्हॅलिस्नेरिया मागे डुलत होती,
मी कुठे काय केलं, अशी.

त्यानंतर तो दूध ट्रामच्या रुळांपलीकडून आणू लागला.
व्लास्ता म्हणाली, तिथलं चार कोरुनांनी महाग आहे.
म्हणाला, चालायला बरं असतं.
बर्फ पडल्यावरही बरं असतं?
यावर तो पेटी पुसायला लागला.

मार्चमध्ये स्लेटच्या अलीकडे
नखाएवढं काहीतरी वर आलं.
त्यानं चष्मा बदलला. खाणीतली जुनी बॅटरी आणली.
पान होतं. गुंडाळलेलं, तांबूस,
आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या बाजूला आणखी एक,
पहिल्यापेक्षा बुटकं,
इथल्या पाण्याला पटेल अशा बेतानं.

दुकानात गेला तेव्हा तोंडात वाक्य तयार होतं.
दिएप म्हणाली, विरघळली होती ना?
हलवली की विरघळतेच.
मावशी म्हणते मुळांना हात लावू नका, रोज बघू नका.
मी बघत होते, तुम्ही कधी येता.
आणि दुधाची बाटली पुढे सरकवली.

रविवारी कात्री घेऊन तो पेटीपुढे बसला.
स्लेटखालून एक धुमारा इकडे आलाच होता,
पांढरा, दोऱ्यासारखा, टोकाला दोन कोवळी पाती.
क्रिप्टोकोरिनपासून चार बोटांवर.
हात पाण्यात. बाही भिजलेली.
व्लास्ता म्हणाली, काप की.
तो म्हणाला, थांब जरा,
बघू दे काय म्हणतात.