दराची वही

दिवाडीहून फोन आला.
"म्हापशाला डबा साडेतीन हजार,
मग मला सहा का गे? मी काय पोर्तुगालात राहते?"
नाव एस्पेरांसा फुर्तादो, आवाजावरून सत्तरीच्या पुढची.
पाडायचं काय, तर मागचं स्वयंपाकघर:
चूल, धुराडं, एक चिऱ्याची भिंत.

मी म्हाबळूशेटच्या ऑफिसात दर सांगते.
ऑफिस म्हणजे पर्वरीत टायरच्या दुकानामागे
एक टेबल, दोन फोन, तेलाचे डाग पडलेली लांब वही,
आणि बाहेर मलब्याचे अकरा लोखंडी डबे,
पाऊस साचला की डासांचे.

म्हटलं, बाई, अंतराचे पैसे थोडेच असतात.
डिझेल कुणीही मोजेल.
तुमच्याकडे यायचं तर मध्ये नदी.
ओहोटीला फेरीबोट खाली बसते,
चढउतारावर ट्रकचं बूड घासतं,
म्हणून आमचा बसलिंग धक्क्यावर बिडी ओढत
पाणी चढायची वाट बघतो.
ते दोन तास तुमच्या बिलात आहेत.
चंद्राचे पैसे म्हणा हवं तर.

त्या हसल्या नाहीत. "आणि पणजीला?"

पणजीला मळ्यात गल्ली एवढीशी,
डबा ठेवला तर समोरच्याची खिडकी उघडत नाही.
नाक्यावर ठेवायचा, घमेल्यांनी वाहायचं,
चार माणसं वाढतात, एक दिवस वाढतो.
म्हापशाला शुक्रवार सोडून कधीही.
जुन्या गोव्यात फेस्ताच्या दिवसांत नुसते हात जोडायचे.
डोंगरावरच्या नव्या बंगल्यांना जास्त,
कारण चढ आहे,
आणि कारण ते विचारत नाहीत.

(हे शेवटचं बोलले नाही. वहीत पेन्सिलीनं आहे,
शेटच्या अक्षरात.)

"तो दुसरा, बार्देसचा, चार हजार म्हणतो," त्या म्हणाल्या.
"नदीसकट."

इथं मी गप्प झाले.
पंखा वहीची पानं उलटत राहिला.

मला ठाऊक आहे चारमध्ये कसं भागतं.
आमच्या दरातला अर्धा दर टाकायचा असतो:
काटा, पावती, मलबा फोडायच्या यंत्रापुढची रांग.
त्याच्या ट्रकला पावती नसते.
तो रात्री अकरानंतर निघतो, दिवे विझवून
आमच्या बांधावर मागं मागं येतो.
तो आवाज मी अंथरुणात ओळखते,
आधी लोखंडाचं कण्हणं,
मग एकदम सगळं.

सकाळी खाजनात, जिथं आई कोरगुट लावायची,
कुणाची तरी न्हाणी उताणी पडलेली असते,
निळ्या फरशा, अर्धा कमोड,
एकदा उंची मोजायच्या रेघांसकट एक दाराची चौकट:
रुझार सहा वर्षं, रुझार सात वर्षं,
आठचं लाकूड तुटलेलं.
एकदा शिंपल्यांच्या तावदानांची अख्खी खिडकी.
ती मी उचलून आणली. पडवीत भिंतीला टेकवलीय.
तिच्यातून काही दिसत नाही, उजेड तेवढा येतो.
मानशीचं दार आता नीट लागत नाही,
खालच्या खाचेत सिमेंटचे गोळे आहेत.

वहीत सदतीस गावं आहेत.
आमचं नाही.
आमच्याकडून कधी कुणी डबा मागवला नाही,
आमच्याकडे तो भरलेलाच येतो.

"बाय? आहेस ना?"

आहे. चूल कशाची आहे हो तुमची?
"मातीची. सासू लिंपायची, मग मी."
मग ती डब्यात घालू नका.
परसात फोडा, माडांच्या मुळाशी घाला.
चिरे वेगळे रचा, चिरा कुणीही नेतो,
कुंपणाला, डुकराच्या गोठ्याला.
डबा अर्धा भरेल. साडेपाच लावते.
पावती मिळेल, ती ठेवा,
तुमची भिंत कुठं गेली ते तिच्यावर असेल.

बराच वेळ नुसती कोंबड्यांची कलकल ऐकू आली.
मग त्या म्हणाल्या,
"आणि चंद्राचे?"

ते धरूनच सांगितलं, बाई.

वहीत लिहिलं: दिवाडी, फुर्तादो, बुधवार.
भरती पावणेदहाला.
बसलिंगला बिड्या.