चौदा पॉइंट एक

डिसेंबरात लष्करवर धुकं असं उतरतं
की जिन्सी नाल्याच्या पुलावरून येणारी गाडी
आधी आवाजानं ओळखावी लागते.
दिघे सर ढकलत आले, म्हणजे तेही नाही.
फक्त धाप, आणि सुक्या चेनची किरकिर.

"ही तिसरी बॅटरी," म्हणाले,
आणि कोटाच्या खिशातून तिन्ही वॉरंटी कार्डं काढली,
तपासलेल्या पेपरांसारखी, तारीखवार.

बॅटरीला दोष देणं सोपं.
ती सीटखाली हाताला लागते,
तिच्यावर तारीख असते,
आणि ती बदलता येते.
मीही कित्येक वर्षं तेच केलं, पडावला, उस्मान उस्तादांकडे.
एके दिवशी त्यांनी मीटर माझ्या हातात ठेवला:
मेलेल्याला विचारू नकोस कसा मेलास,
घरात जेवायला कोण वाढत नव्हतं, ते शोध.

रात्रभर चार्जरवर ठेवली.
सकाळी बारा पॉइंट सहा.
सेल्फ दाबला, काटा दहाच्या खाली गेला नाही.
बॅटरी निर्दोष.
गाडी चालू. छुट्टन, रेस दे.
बारा पॉइंट चार.
बारा पॉइंट दोन.
हेडलाइट लाव.
अकरा पॉइंट नऊ.
चढायला हवं होतं, उतरत होतं.

मग तीन पिवळ्या तारा. मीटर एसीवर.
पहिली-दुसरी अठ्ठेचाळीस,
दुसरी-तिसरी अठ्ठेचाळीस,
पहिली-तिसरी सत्तेचाळीस पॉइंट आठ.
तिघी जावा, आणि भांडण नाही.
कॉइल शाबूत, कपलर जळलेला नाही,
रेग्युलेटर दुसऱ्या गाडीचा लावून पाहिला,
तोही उपाशी.

मी मागे सरकून गाडीकडे नुसता बघत बसलो.
काळाभोर रंग. त्यात माझं तोंड दिसत होतं.
"रंगवली कधी?"
सर चपापले.
"रिटायर झालो तेव्हा. फंडातला पहिला खर्च.
सगळी खोलून, भट्टीत भाजून घेतली.
एक बोल्ट सोडला नाही पोरांनी."
तेच तर, सर.

काळी काडी बॅटरीच्या मायनसवर,
लाल काडी रेग्युलेटरच्या अंगावर.
शून्य यायला हवं.
एक पॉइंट आठ.
छुट्टन ओरडला, "उस्ताद, अर्थ नहीं मिल रहा!"

चाळीस पोरांच्या वर्गापासून
सहा पोरांच्या वर्गापर्यंत
याच शहरात मराठी शिकवलेला माणूस
स्टुलावर असा हसला
की बशीतला चहा मफलरवर.
"संदर्भासहित स्पष्टीकरण द्या," म्हणाले,
"चार गुण."

स्पष्टीकरण एवढंच, सर:
बोल्टखालीही रंग गेलाय.
लोखंडाला लोखंड लागत नाहीये.

सँडपेपर घेतला तेव्हा मात्र हसू थांबलं.
"ओरखडा पडेल."
पडेल.
"केवढा?"
रुपयाच्या नाण्याएवढा.
"दिसेल?"
वरून रेग्युलेटर बसेल.
त्यांनी चष्मा पुसला, मग तोंड फिरवलं,
जसं सुई टोचताना फिरवतात.

खरवडताना काळ्याखाली आधी लाल प्रायमर,
त्याखाली एकदम पांढरं, थंड लोखंड.
बोल्ट आवळला. किक.
चौदा पॉइंट शून्य.
चौदा पॉइंट एक.
लाइट लावला तरी चौदा पॉइंट एक.

सर मीटरवर वाकले होते, नाक काचेला लागेल इतके.
"म्हणजे आधीच्या दोघी..."
भंगारात गेल्या असतील.
"उगाच नापास केलं," म्हणाले,
कोणाला ते मी विचारलं नाही.

पन्नास रुपये सांगितले. शंभर देऊन
सुट्ट्यांसाठी थांबले नाहीत.
धुक्यात मागचा दिवा तेवढा लाल, मग तोही नाही.
पुलावर हॉर्न वाजला, लांब, खणखणीत.
समोर कोणी असेलही.
इथून दिसत नव्हतं.