कुठलं पाणी

दात कोरून पोट भरत नाही, म्हणायचे मामा.
माझं भरतं. डंडीत, एका तळघरात,
ड्रिलच्या बारीक टोकानं.

फेब्रुवारीत ब्रॉटी फेरीच्या वाळूवर सापडला तो.
खिशात बसचं तिकीट, शाई उडालेली.
बोटांचे ठसे नदीनं पुसले.
डीएनए आहे, पण जुळवायला
समोर कुणी हवं ना, त्याला शोधत आलेलं.

म्हणून इशबेलनं दाढा खाली पाठवल्या.
पहिली दाढ घडते अंगावर पिण्याच्या वयात,
अक्कलदाढ शाळेत असताना.
मधला प्रवास स्ट्रॉन्शियमच्या आकड्यात,
दशांशापुढच्या तिसऱ्या घरात.

बारा गावचं पाणी प्यालेला, म्हणतात ना;
याच्या दातांत दोनच गावं.
दुसरं इथलंच असेल, याच किनाऱ्याचं.
पहिलं काळ्या खडकातलं.
“स्काय बेट,” इशबेल म्हणाली. “नाहीतर आइसलँड.”

मी बोलले नाही.
तुलनेच्या नमुन्यांत एक अक्कलदाढ माझी आहे,
काढल्यावर आठवडाभर भात गिळून काढला होता.
तिच्यात पाटणची विहीर.
पडद्यावर दोन आकडे, जवळजवळ सख्खे.

अहवालात ‘शक्यता’ तीनदा लिहिलं,
नकाशावर तिसरी रेघ मारली,
इशबेलनं भुवया उंचावल्या.

निघताना नळाचं पाणी प्यायले.
दातांना ते आता कधीच कळणार नाही.
हाडांत मात्र मुरतंय,
नऊ वर्षं झाली.