रेघेखाली किती

कचुलूच्या धक्क्याला होडी लागली की वायसन
आधी बांबू पुसतो, मग मासळी मोजतो.
बांबूवर सुरीच्या खाचा.
वरची त्याच्या लग्नाच्या सालची,
चिल्वा सरोवर तेव्हा छातीभर होतं.
एक कंबरेशी.
आणि एक पार तळाला, घोट्याजवळ:
त्या साली होड्या चिखलात उभ्याच्या उभ्या राहिल्या
आणि पोरं सरोवराच्या मधोमध चेंडू खेळली.

माझ्याकडे बांबू नाही.
एकशे बारा पानांची प्रश्नावली आहे,
हुकाचा एक वजनकाटा,
आणि झोंबाच्या कचेरीनं दिलेली एक रेघ.
रेघ म्हणजे माणशी, दिवसाला, इतके क्वाचा.
घर वर की खाली, हे रस्त्यावरून जाणाराही सांगेल.
मला सांगायचं असतं
खाली म्हणजे किती खाली.

एनेलेसीकडे मी तीनदा गेलो.
पहिल्या खेपेला तिनं चटई झटकून दिली.
गेल्या सात दिवसांत मीठ?
तिनं चिमूट उघडून दाखवली.
गेल्या सात दिवसांत मक्याचं पीठ?
"कोंडा धरायचा का त्यात?"
नियमावलीत कोंडा होता,
कोंबड्यांच्या खाद्याच्या रकान्यात.
मी पेन थोडा वेळ हवेत धरलं.

"ही तुमची रेघ जाते कुठून?
आमच्या घरावरून? त्या विजेच्या तारेसारखी?
ती पण वरूनच जाते."

घरात सहा माणसं.
रेघ शंभर धरली तर यांचे एकोणसाठ.
म्हणजे एक्केचाळीस खाली.
पोटाची खळगी म्हणतात सगळे,
जणू तिला तळ लागलेला कुणी पाहिलाय.

पाच वर्षांनी, सरोवर आटलं त्या साली,
सहा माणसं, बेचाळीस.
अठ्ठावन्न खाली.
बेस्टन जाळं विकून दुसऱ्याच्या शेतात कुदळ मारत होता,
रोजगार मिळेल त्या दिवशी.
उत्तरं तोच देत होता, ती मान हलवत होती.

तिसऱ्या खेपेला बेरीज केली आणि पुन्हा केली.
त्रेसष्ट.
सदतीसच खाली.
पाच वर्षांत इतकं वर आलेलं घर
माझ्या अख्ख्या यादीत दुसरं नव्हतं.
मग मी पान उलटं पलटवून
माणसांच्या रकान्याकडे गेलो.

गेल्या काळात घरातून कोण कमी झालं?
एक: लग्न. दोन: स्थलांतर. तीन: मृत्यू.
थोरला जोहान्सबर्गला. दोन.
धाकटी टिनेनेंजी.
नावाचा अर्थ, काय बोलावं आम्ही.
एनेलेसी बोलली नाही.
बेस्टननं तीन बोटं वर केली.

पातेलं तेच होतं.
फक्त भागाकार बदलला होता.

झोंबाला आलेख लावला भिंतीवर.
साहेब म्हणाले, खोली कमी होतेय, चांगलंय.
खोटं काहीच नव्हतं त्यात.
मी शेरा लिहायला घेतला,
शेऱ्याची जागा दोन बोटं रुंद.

वायसनला सांगितलं हे, का कोण जाणे.
तो खाचांवरून अंगठा फिरवत म्हणाला,
"दोन माणसं उतरली की होडी वर येतेच.
पाणी वाढलं म्हणून मी खाच पाडत नाही."

आणि एक राहिलं.
त्या दिवशी निघताना एनेलेसीनं माझा काटा मागितला.
बाळांना वजन करायला टांगतो तो.
आतून पिठाची पिशवी आणली, अजून न उघडलेली,
वर ठळक छापलेलं: पाच किलो.
हुकाला अडकवली.
काटा थरथरला आणि थांबला
चार किलो तीनशेवर.

तिनं दुकानदाराला शिवी दिली नाही.
माझ्याकडे पाहिलं.
"हे लिही," म्हणाली.

मी एकशे बाराही पानं चाळली.
ती उभी होती, पिशवी हुकावर तशीच,
हळूहळू स्वतःभोवती फिरत.