यादीत सहा चमचे

अकराला ते जातात, तीनला दुसरे येतात.
मधले चार तास माझे.
चादरी तळघरातल्या मशीनमध्ये,
हातात रबरी मोजे, बादलीत व्हिनेगर,
आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली यादी:
ताटं चार, कप सहा, चमचे सहा,
उशा चार, बर्फ काढायचं फावडं एक.
वीस वर्षं शाळेची बस चालवली याच चढावर;
उतरलेली पोरं मोजायची सवय जात नाही.

डुलुथचा हा उतार थेट तळ्यात जाऊन थांबतो.
तळं कसलं, समुद्रच, फक्त खारट नाही.
वर हॉस्पिटलच्या खिडक्या, खाली लोहखनिजाची जहाजं,
मध्ये माझं दुमजली घर.
खाली मी. वर ते, दोन आठवडे, महिना, कधी तीन.
भाडेकरू म्हणायला जिवावर येतं,
पाहुणे म्हणावं तर पैसे घेते.

फिरत्या नर्सेस येतात,
काळ्या पडद्यांमागे दिवसा झोपतात.
एकीने कळवलं: घर छान,
पण धुक्यातला जहाजांचा भोंगा
रात्री दहानंतर बंद ठेवता आला तर बघा.
उत्तर लिहिलं, खोडलं, मग लिहिलं: बघते.

हप्ता एक तारखेला.
बॉयलर नेमका जानेवारीत बिघडतो, त्याला थंडी कळते.
परवान्यासाठी नगरपालिकेचा माणूस येतो,
धुराची घंटा दाबतो, ती वाजते,
त्याचं पेन मात्र चालत नाही. माझं देते.
माझं घेऊन जातो.
लोकांना वाटतं, यात झोपेतही पैसे मिळतात.
झोपेत मला वरची पावलं मिळतात.

फेब्रुवारीत वेंडेल ऑस्टबी आला,
उत्तरेकडच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा.
आठवड्यासाठी म्हणाला, एकेचाळीस दिवस राहिला.
दर रविवारी दारावर टकटक: अजून सात दिवस मिळतील?
बायको चौथ्या मजल्यावर आहे, एवढंच बोलला.
मी पुढे विचारलं नाही.
न सांगता त्याने नळाची गळती बंद केली.
रात्री दीडला वर एकच खुर्ची सरकायची,
सकाळी थर्मासमध्ये सूप भरून तो चढ चढायचा.
शेवटचे दोन आठवडे मी पैसे कमी लावले
आणि पावतीवर लिहिलं, हिवाळी सूट,
जणू अशी काही सूट माझ्याकडे असते.

गेला तेव्हा चादरींच्या घड्या, कचरा बाहेर,
चमचे पाच.
परत मोजले. सोफ्याच्या फटीत हात घातला:
एक नाणं, खोकल्याची चिकट गोळी.
अनामत पूर्ण परत केली
आणि दुकानातून एक चमचा आणला,
जरा वेगळ्या दांड्याचा.

मे महिन्यात, तळ्यावरचा शेवटचा बर्फ गेल्यावर
पाकीट आलं. आत पुठ्ठा,
पुठ्ठ्याला चिकटपट्टीने बसवलेला चमचा
आणि एक ओळ:
हा चुकून आमच्याबरोबर आला.

आमच्याबरोबर.
दिवसभर तो शब्द उजेडाकडे धरून पाहिला,
मोठी नोट पाहतात तसा.
पण त्यात काय.
माझा यालमार जाऊन नऊ वर्षं झाली,
प्लंबरला मी अजून सांगते, या, आम्ही घरीच आहोत.

ऑस्टबीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे पाठ आहेत,
त्यावरच वरचं कुलूप उघडायचं.
बाकीचे वहीत आहेत.
फोन केला नाही.

काल आलेली नर्स, ऑफेलिया,
प्रामाणिक मुलगी, यादी हातात घेऊन खाली आली:
बाई, एक चमचा जास्त आहे.
म्हटलं, माहीत आहे,
आणि बादली घेऊन तळघरात उतरले.