अडीचवर

ट्रेफोरच्या भंगारात एक पांढरी व्हॉक्सहॉल होती,
मागून कुणीतरी ठोकलेली,
डिकीत बाळाचा एक मोजा.
तिच्या डॅशबोर्डखाली मी तासभर उताणा पडलो
आणि स्टिअरिंगचा दांडा ओढून काढला,
पोटाला मोटर चिकटलेली, नारळाएवढी.
ट्रेफोर म्हणाला, चाळीस पाउंड.
मी म्हटलं, तीस, आणि मोजा तुझ्याकडेच राहू दे.

माझी बहीण मैनिर होलीहेडहून डब्लिनला जाणाऱ्या बोटीवर असते,
दोरखंड बांधते, सोडते.
नोव्हेंबरात एक दोर ताणाने तुटून उलटा आला.
आता तिच्या उजव्या मनगटात
एक पट्टी आहे आणि सहा स्क्रू.
थंडीत ते एकेक करून मोजता येतात, म्हणते.

आमची बीएमडब्ल्यू म्हातारी, ट्रॅकपुरतीच.
तिचा तेलाचा पंप दोन वर्षांमागे
रॉकेट नावाच्या वळणावर उकळला.
लाल तेल तापल्या एक्झॉस्टवर, धूर, पिवळा झेंडा.
पट्टा काढला तो काढलाच,
आणि तेव्हापासून स्टिअरिंग म्हणजे
ओलं धान्य घातलेलं जातं.
चार फेऱ्या मारून मैनिर आत यायची,
उजवा हात मांडीवर ठेवायची
दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा.
वर मलाच सुनवायची:
जड आहे, पण रस्ता थेट बोलतो माझ्याशी, गेथिन.
मोटर बसवलीस तर मध्ये दुभाष्या बसवलास.
आमच्या वेल्श घरात हा शब्द
कुणी चांगल्या अर्थाने वापरत नाही.

ती समुद्रावर असताना मी कापलं.
जुन्या दांड्याचे दाते नव्यात बसेनात,
मध्ये पोलादाची नळी घातली, वेल्ड मारला,
रात्री झोप लागेना म्हणून उठून
तो वेल्ड परत कापला आणि पहिल्यापासून केला.
इथे चालसे-करू चालत नाही.
हा सांधा सुटला तर बहीण मेंढ्यांत,
नाहीतर थेट आयरिश समुद्रात.
बॅटरीपासून करंगळीएवढी वायर,
मोठा फ्यूज, आणि मग उरला मेंदू.
पांढऱ्या गाडीत मोटरला वेग कळायचा.
इथे तिला सांगणार कोण?
खोटं सांगायचं असतं.
एक छोटी पेटी मिळते, ती सांगत राहते
की आपण सावकाश चाललोय, किंवा भन्नाट,
जसं बटण फिरवाल तसं.
शून्य ते पाच. आकडे मी
बायकोच्या नेलपॉलिशने काढले.
तीनचा आकडा जरा फिसकटला.

एप्रिलमध्ये अँगलसीला गेलो. वारा असा
की झेंडेवाल्या बाईंचा डबा उडून गवतात.
पहिली फेरी पाचवर.
आत आली, काच खाली केली, म्हणाली: लोणी.
मग एकवर. ओठ घट्ट मिटलेले,
ते ओठ मला माहीत आहेत.
तिसऱ्यांदा मी शेजारी बसलो,
आणि कॉर्कस्क्रूच्या उतारावर, ती समोर बघत असताना,
बटण अडीचवर नेलं.
तिने पाहिलं नाही.
म्हणजे, काही बोलली नाही.

पाच फेऱ्या. सात. मी मोजायचं सोडलं.
अकरावीला माझंच पोट ढवळलं
आणि मीच हात वर केला.

थांबल्यावर विचारलं, काय, बोलला का रस्ता?
हेल्मेट काढता काढता म्हणाली,
पुढच्या डाव्या टायरात हवा जास्त आहे.
मी गेज लावला.
दोन पौंड जास्त होती.

संध्याकाळी गाडी ट्रेलरवर चढवली.
मैनिर भिंतीला टेकून चिप्स खात होती,
उजव्या हाताने, व्हिनेगर चाटत.
मी बॅटरी तोडायला आत वाकलो
तर बटण तीनवर होतं,
त्या फिसकटलेल्या तीनवर.

मी अडीचवर ठेवलं होतं.