तिसरी झोप

शिरोलीच्या शेडमध्ये रात्री अडीचला
मशीन अडकलंय. म्हणजे मशीन नाही,
त्याच्या कर्नलमधला एक धागा.
यादीत त्याच्या नावापुढे एकच अक्षर: डी.
मी नऊ नंबरचा सिग्नल पाठवला. परत पाठवला.
"मरंना व्हय?" नौशाद मुल्लाणी विचारतो,
चहाचा ग्लास कीबोर्डापासून लांब धरून.
मरत नाही. त्याला ऐकूच जात नाही.
डिस्कचं उत्तर आल्याशिवाय तो कूस बदलणार नाही.

हे मीच लिहिलंय. मागच्या मार्चमध्ये, घाईत.

झोपा दोनच, असं तेव्हा वाटायचं.
एक, रंकाळा स्टँडच्या बाकावरची,
गगनबावड्याच्या गाडीची वाट बघत, पिशवी उशाला घेऊन.
कुणीही हाक मारावी. उठायचं,
धरून ठेवलेलं सगळं सोडायचं
आणि सांगायचं: काम झालं नाही, पुन्हा पाठवा.

दुसरी आप्पांची.
एकवीस वर्षं लॅडलवर.
लोखंड एकदा कलंडलं की साचा भरेपर्यंत
हात थांबत नाही. थांबला तर कास्टिंग भंगारात,
दचकला तर पाय.
तेव्हा हाक मारायची नाही,
हा नियम शेडच्या कुठल्याच भिंतीवर लिहिलेला नव्हता.

आजी गेल्याचा फोन गेटवर आला, पावणेचारला.
फोरमन कवठेकरांनी चिठ्ठी लिहिली, घडी घातली,
खिशात ठेवली.
अकरा साचे बाकी होते.
आप्पांनी अकरावा भरला, लॅडल ठेवली,
हातमोजे काढले, तेव्हा चिठ्ठी दिली.
बत्तीस मिनिटं आजी गेलेली होती
आणि आप्पांची आई होती.
"बरं केलासा," आप्पा म्हणाले.
पुढं वर्षभर कवठेकरांच्या दारावरून जाताना
त्यांची सायकल कधी हळू झाली नाही.

तिसरी झोप मला उशिरा कळली:
किरकोळ हाकांना बहिरी,
जाग येते ती फक्त मरणाच्या निरोपानं.

चारला चूक सापडते. दोन ओळी, उलट्या.
आधी पाटी लावायची, झोपलोय म्हणून,
मग एकदा दारात डोकवायचं,
मग डोळे मिटायचे.
मी आधी डोकावले, मग पाटी लावली.
त्या दोहोंच्या मध्ये उत्तर येऊन गेलं.
धाग्याला उठवलं नाही असं नाही,
उठवलं तेव्हा तो जागाच होता.

ओळी अदलाबदल करते.
फाईल वाचायच्या जागी तिसरी झोप घालते.
मग खाली जाते, ओतण्याच्या झडपेपाशी, आणि तिथंही
तिसरीच टाइप करू लागते.
नौशाद स्क्रीनवर बोट ठेवतो. "हितं नगं."
काचेवर बोटाचा ठसा राहतो, काळा, वाळूचा.
बराच वेळ बघत बसते.
पुसते. दुसरीच ठेवते.

मशीन बंद करून चालू केलं. यादी वाचली. डी नाही.
हायवेवरनं दुधाचे टँकर निघालेत.
सहाला घरी फोन लावते.
आप्पा हल्ली मोबाइल उशाखाली घेऊन झोपतात.
पहिली रिंग पुरी व्हायच्या आत
"कोण गेलं गं?"

कोण नाही आप्पा. मशीन सुरू झालं.
तेवढंच सांगायचं होतं.